काळ्या ठिपक्यांची ओळख

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, उंबरगावच्या हद्दीला खेटून असलेल्या झाईच्या किनाऱ्यावर काळ्या दगडाला तोटा नाही. हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातला एक गोटा द्या. तो त्याचा काप काढील, काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासील, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवील आणि सांगेल, या बिनरंगी काड्या प्लॅजिओक्लेजच्या, हे फिकट तपकिरी दाणे पायरॉक्सिनचे. मधले काही ठिपके मात्र काळेच राहतात. स्टेज कितीही फिरवा, ॲनालायझर आत घाला की बाहेर काढा, त्यांना काही फरक पडत नाही. जर्नलमध्ये त्यांच्यासमोर ‘ओपेक’ एवढे लिहिले जाते आणि विद्यार्थी पुढच्या कापाकडे वळतो. हे पुस्तक त्या ठिपक्यांविषयी आहे.

पातळ कापात प्रकाश खालून येतो आणि या खनिजांतून तो पार जात नाही, एवढीच अडचण. मग प्रकाश वरून टाकायचा, नमुन्याचा एक पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा आणि तिथून परतणारा प्रकाश पाहायचा. लोखंड, तांबे, शिसे, मँगनीज, क्रोमियम, टायटॅनियम यांची बहुतेक महत्त्वाची खनिजे अपारदर्शक वर्गात मोडतात. त्यामुळे खाण, भट्टी किंवा खनिज प्रयोगशाळा यांच्याशी ज्याचा संबंध येतो त्याला ही विद्या आज ना उद्या लागतेच. तरीही आपल्याकडच्या अभ्यासक्रमात तिच्या वाट्याला सत्राच्या शेवटी उरलेली दोन-चार प्रात्यक्षिके येतात.

बेसाल्टचा तोच तुकडा चकचकीत करून वरच्या प्रकाशात पाहिला, की काळे ठिपके उजळतात आणि फेल्डस्पार, पायरॉक्सिन गडद होऊन मागे सरतात. ठिपके एका जातीचे नाहीत हे लगेच कळते. काही दाणे करडे, त्यात किंचित तपकिरी झाक. हे टायटॅनोमॅग्नेटाइट. लाव्हा झटपट थंड झाला असेल, तर हे दाणे पुरते भरलेलेही नसतात, नुसते सांगाडे दिसतात, फुल्यांसारख्या आडव्या-उभ्या भुजांचे. दुसरे दाणे लांब पट्ट्यांचे, गुलाबीकडे झुकलेल्या करड्या रंगाचे. ते इल्मेनाइट. ॲनालायझर आत घालून स्टेज फिरवली, की इल्मेनाइट उजळते आणि मावळते, शेजारचे मॅग्नेटाइट जागचे काळोखात राहते. जाड प्रवाहाच्या पोटातला किंवा डाइकमधला दगड असेल, तर मॅग्नेटाइटच्या दाण्यात इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्यांची जाळी आढळते. पट्ट्या ठरावीक दिशांनीच जातात, कारण त्या मॅग्नेटाइटच्या अष्टफलकी प्रतलांना धरून असतात. दगड अजून तापलेला असताना ऑक्सिजनने मॅग्नेटाइटवर केलेल्या कामाची ती खूण. ज्या दाण्यासमोर आपण ‘ओपेक’ लिहून पुढे गेलो, त्याच्याजवळ लाव्हा कसा निवत गेला याची नोंद असते.

ती नोंद किती मोलाची, हे १९५०च्या दशकात कळले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे संशोधक आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळी यांनी दख्खनच्या दगडांतले गोठलेले चुंबकत्व मोजले. लाव्हा ओतला जात होता तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि तिथून तो उत्तरेकडे सरकत आला, असे त्यातून निघाले. खंडे सरकतात हे तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हते. ते चुंबकत्व जपणारा दाणा म्हणजे हाच टायटॅनोमॅग्नेटाइट. त्याचे मूळ चुंबकत्व शाबूत आहे की नंतरच्या बदलात पुसले गेले, हे तपासायला आजही नमुना चकचकीत करून पाहण्याला पर्याय नाही.

नवख्याची पहिली तक्रार ठरलेली असते, “सर, सगळेच करडे दिसते.” तक्रार खरी आहे. पातळ कापातल्या झगझगीत व्यतिकरण रंगांची सवय झालेल्या डोळ्याला हे जग फिके वाटते. खनिजे पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत पाठवतात ते पाहू. क्वार्ट्झ ५ टक्क्यांच्या आसपास, स्फॅलेराइट १७, मॅग्नेटाइट २०, हेमॅटाइट २५ ते ३०, गॅलेना ४३, पायराइट ५४, सोने सत्तरच्या वर, चांदी नव्वदच्याही वर. हे आकडे पाठ करून फारसे साधत नाही, कारण डोळ्याला टक्के मोजता येत नाहीत. पण एकमेकांना खेटून असलेल्या दोन दाण्यांतला दोन-तीन टक्क्यांचा फरक तोच डोळा चटकन पकडतो. पायराइट एकटा असेल तर पांढरा वाटतो, गॅलेनाशेजारी आला की पिवळट दिसू लागतो. मॅग्नेटाइट इल्मेनाइटजवळ स्वच्छ करडा आणि हेमॅटाइटजवळ तपकिरी. हा डोळ्याचा दोष मानून त्यावर मात करायला जाऊ नये. याच सवयीवर ही पद्धत उभी आहे.

कठीणपणाचेही तसेच. घासताना मऊ खनिज अधिक झिजते, कठीण खनिज तसूभर उंच राहते. दोघांच्या सीमेवर प्रकाशाची एक बारीक रेघ दिसते. नमुना आणि ऑब्जेक्टिव्ह यांतले अंतर हळूच वाढवले, की ती रेघ मऊ खनिजाच्या बाजूला सरकते. हिला काल्बची रेषा म्हणतात. इथेही एका दाण्याचा कठीणपणा कळत नाही, दोहोंपैकी कोण मऊ एवढेच कळते. कोव्हेलाइटसारखी खनिजे अपवाद. निळे गर्द, ॲनालायझर घातला की निखाऱ्यासारखे नारिंगी. त्याला ओळखायला कोणाची साक्ष लागत नाही. पण अशी खनिजे थोडी. बाकीची शेजाऱ्यांवरून ओळखायची. कोणाबरोबर आहे, कोणाच्या पोटात आहे, कोणाला कडेने खात चालले आहे, हे आधी पाहायचे आणि नाव नंतर घालायचे. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका आग्रहावर झाली आहे.

ही विद्या भूशास्त्रात उगवली नाही, ती धातुशास्त्राकडून आली. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३-६४च्या सुमारास पोलाद घासून, आम्लाने किंचित खाववून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दगडांचे पातळ काप लोकप्रिय करणारेही तेच. गंमत अशी की पोलादावर वापरलेली युक्ती धातुखनिजांवर सरसकट वापरली जायला पुढे चाळीस वर्षे गेली. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम कॅम्पबेल यांचा अपारदर्शक खनिजांच्या तपासणीवरचा निबंध १९०६चा. १९१६ साली जोसेफ मर्डोक यांचे ओळख-कोष्टकांचे पुस्तक आले, आणि मग एकाच विद्येची घराणी वेगळी होऊ लागली.

अमेरिकी घराण्याचा भर रसायनावर. दाण्यावर द्रवाचा थेंब ठेवायचा आणि तो काळवंडतो, फसफसतो की ढिम्म राहतो ते पाहायचे. एम. एन. शॉर्ट यांच्या १९३१च्या पुस्तकात हे थेंब ठरवून दिले होते. नायट्रिक आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल, पोटॅशियम सायनाइड, फेरिक क्लोराइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मर्क्युरिक क्लोराइड. पद्धत शिस्तीची होती, कोष्टक हाती धरून कोणालाही चालवता येण्याजोगी. पण एकाच खनिजाचे दोन दाणे दोन तऱ्हांनी वागत, घासण्याच्या प्रतीवरही निकाल बदलत. शिवाय विद्यार्थ्यांच्या टेबलावर सायनाइडची बाटली ठेवणे आज कोणतीही शहाणी प्रयोगशाळा मान्य करणार नाही.

जर्मन घराणे डोळ्याचे. हान्स श्नायडरह्योन आणि पाउल रामडोर यांनी १९३१मध्ये मिळून ग्रंथ काढला, आणि १९५०मध्ये रामडोर यांचा धातुखनिजे व त्यांच्या गुंफणींवरचा एकट्याचा ग्रंथ आला. पुढल्या आवृत्त्यांत तो फुगत गेला, १९६९मध्ये इंग्रजीत उतरला. रामडोर पुढे अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रखडकांतली अपारदर्शक खनिजेही पाहत बसले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या ग्रंथात कोष्टके आहेत, पण तो वाचायचा गुंफणींसाठी. कोणते खनिज कोणात विरघळलेले होते आणि निवताना वेगळे झाले, कोणी कोणाची जागा घेतली, कोण भेगेतून शिरले. माझा कल या घराण्याकडे आहे हे वाचकाला पानोपानी जाणवेल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तिसरे घराणे मोजणाऱ्यांचे. ब्रिटनमध्ये बोवी आणि टेलर यांनी १९५८मध्ये परावर्तकता आणि सूक्ष्म कठीणपणा हे दोन आकडे एका आलेखावर मांडून खनिज शोधण्याची रीत दिली. १९६२मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने धातुखनिजांच्या सूक्ष्मदर्शनासाठी आयोग नेमला. ४७०, ५४६, ५८९ आणि ६५० नॅनोमीटर या चार तरंगलांबींवर परावर्तकता मोजण्याचा दंडक पडला, आणि १९७७पासून मापांचे संच छापून येऊ लागले. तोवर रेमों कास्तँ यांनी १९५१च्या आपल्या प्रबंधात मांडलेला इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब प्रयोगशाळांत स्थिरावला होता. एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्याचे रासायनिक पृथक्करण थेट मिळू लागल्यावर आम्लाच्या थेंबांचे दिवस संपले.

या सगळ्या इतिहासाचा आपल्या घरचा दाखला हवा असेल, तर विदर्भात जावे लागते. रामटेकजवळचे मनसर, त्याला लागून कांद्री, तसेच बेलडोंगरी, सावनेर तालुक्यातले गुमगाव, भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे मध्य प्रदेशात तिरोडी आणि भरवेली असा हा मँगनीजचा पट्टा. १८९६मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाले, त्याचीच पुढे सीपीएमओ कंपनी झाली आणि १९६२मध्ये सरकारने ती घेऊन आजची मॉइल ही मँगनीज कंपनी उभी राहिली. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे.

या पट्ट्याच्या अभ्यासाचा पाया घालणारा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मर यांचा, १९०९चा, हजाराहून अधिक पानांचा. डोंगरन् डोंगर पायाखाली घालून लिहिलेला. स्पेसार्टाइट गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी इथल्या गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले, ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे. फर्मर यांनी नवी खनिजेही नोंदवली. सर्वेक्षणाचे प्रमुख हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट, सहकारी व्रेडेनबर्ग यांच्यावरून व्रेडेनबर्गाइट, छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट. हॉलंडाइट टिकले. उरलेल्या दोघांचे काय झाले, ते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेतले पाहिजे.

व्रेडेनबर्गाइट बेलडोंगरीला मिळते. काळपट पोलादी, जड, आणि लोहचुंबकाला जोरात धरणारे. फर्मर यांनी रासायनिक पृथक्करण केले, घनता घेतली, चुंबकत्व पाहिले, कस उतरवून पाहिला. हातात धरला की एकजिनसी वाटणारा दगड. त्यातल्या मँगनीज आणि लोहाच्या प्रमाणावरून त्यांनी सूत्र मांडले, आणि त्या काळच्या साधनांनी ते चोख होते. घासून पाहण्याचे तंत्र तेव्हा नुकते बाळसे धरत होते. पुढे नमुने घासले गेले आणि एका दाण्यात दोन खनिजे दिसली. ऑलिव्हकडे झुकणाऱ्या करड्या जॅकोबसाइटमध्ये हाउसमनाइटच्या पट्ट्या, ठरावीक दिशांनी विणल्यासारख्या. ॲनालायझर घाला, जॅकोबसाइट काळोखात जाते आणि पट्ट्या लखलखीत होतात. प्रकाश तीव्र केला, की काही ठिकाणी हाउसमनाइटच्या आतून रक्तवर्णी चमक येते. चुंबकाला धरत होते ते जॅकोबसाइट. उच्च तापमानाला दोन्ही एकजीव होती, निवताना वेगळी झाली. सर्वेक्षणातल्या जे. ए. डन यांनी १९३६मध्ये भारतीय मँगनीज खनिजांच्या सूक्ष्मदर्शनावर लिहिले, १९४०च्या दशकात ब्रायन मेसन यांनी या कुटुंबाचा हिशेब लावला. सीतापाराइटचा निकाल आणखी सरळ लागला. अमेरिकेत युटामध्ये १८९७मध्येच बिक्सबाइट नोंदले गेले होते, आणि सीतापाराइट म्हणजे तेच निघाले. नाव गेले, खनिज राहिले.

यात फर्मर यांना कमीपणा नाही. रासायनिक पृथक्करण दगडात काय आहे ते सांगते, कुठे आहे ते सांगत नाही, आणि हा भेद खाणीच्या हिशेबात आजही पैशांत मोजला जातो. ब्राउनाइट हे इथले मुख्य मँगनीज खनिज. त्याच्या रचनेतच सुमारे १० टक्के सिलिका असते. समजा नमुन्याच्या अहवालात सिलिका ८ टक्के आली. ती क्वार्ट्झच्या मोकळ्या दाण्यांत असेल, तर दळून-धुऊन काढता येईल. ब्राउनाइटमध्येच असेल, तर कितीही दळा, ती जाणार नाही, आणि धुलाईच्या यंत्रावर घातलेला पैसा पाण्यात. फॉस्फरसचे दुखणेही असेच. पोलाद कारखान्यांना तो नको असतो, आणि या पट्ट्यातल्या खनिजात तो सतावतो. ॲपेटाइटच्या सुट्या दाण्यांत असेल तर आशा आहे. दुय्यम ऑक्साइडांत भिनलेला असेल तर नाही. आकडा दोन्हीकडे तोच. घासलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय हा निवाडा होत नाही. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातला मँगनीज डायऑक्साइड बॅटरीसाठी उपयोगी का आणि मनसरचे खनिज भट्टीकडे का जाते, याचेही उत्तर ब्राउनाइटच्या कडा आणि भेगा किती पायरोल्युसाइट या डायऑक्साइड खनिजात बदलल्या आहेत यावर बरेचसे अवलंबून असते. जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय यांनी या खनिजांच्या गुंफणींवर आयुष्य घालवले. भारतातल्या मँगनीज थरांवरचे त्यांचे पुस्तक १९६६चे, जगभरच्या मँगनीज साठ्यांवरचे १९८१चे. आपल्या पट्ट्याविषयीचे पहिल्या प्रतीचे लेखन कोलकात्यात व्हावे आणि नागपूर-पुण्याच्या वर्गांत ते क्वचित उघडले जावे, हे मला खटकत आले आहे.

आता यंत्रांविषयी. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या स्वयंचलित इलेक्ट्रॉन यंत्रणा एका रात्रीत हजारो दाण्यांची मोजदाद करून रंगीत नकाशा हाती देतात. हे सगळे असताना डोळा कशाला शिणवायचा, असे विचारणारे भेटतात. त्यांनी गोव्याचे लोहखनिज त्या यंत्राखाली घालून पाहावे. डिचोली-साखळीकडच्या खनिजात हेमॅटाइट आहे, मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट होऊन बनलेले मार्टाइट आहे, गोथाइट आहे, आणि मार्टाइटच्या पोटात कुठेकुठे मॅग्नेटाइटचे अवशेष. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही लोह आणि ऑक्सिजनचीच, प्रमाणात थोडा फरक. इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत ती जवळपास सारखी उजळ दिसतात आणि यंत्र अडखळते. परावर्तित प्रकाशात शिकाऊ विद्यार्थीही ती वेगळी सांगतो. हेमॅटाइट उजळ, विषमदिक्, मधूनच लाल चमक देणारे. मॅग्नेटाइट मळकट करडे आणि समदिक्. मँगनीजच्या डायऑक्साइडांत तर रासायनिक सूत्र एकच आणि खनिजे अनेक. यंत्र हवेच, पण काय मोजायचे हे त्याला आधी डोळ्याने सांगावे लागते.

आणि ही गरज वाढते आहे. उत्तम प्रतीचे, सुटसुटीत दाण्यांचे खनिज बहुतेक उपसून झाले. उरलेले बारीक, गुंतलेले आणि कमी प्रतीचे. केंद्र सरकारने २०२३मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी काढली आणि २०२५च्या जानेवारीत त्यासाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्या यादीतल्या इंडियम, जर्मेनियम, कॅडमियम यांच्या बहुधा स्वतंत्र खाणी नसतात. ती प्रामुख्याने जस्ताच्या स्फॅलेराइटमध्ये लपलेली असतात. टायटॅनियम रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या काळ्या वाळूत आहे, पण तिथला इल्मेनाइटचा दाणा निखळ आहे की मॅग्नेटाइटशी गुंतलेला, यावर त्याची किंमत ठरते. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन, चंद्रपूरच्या ठाणेवासना भागात तांबे. नागपुरातच भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, १९४८पासूनची संस्था. खनिज शुद्ध करण्याच्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे हाच चकचकीत केलेला नमुना. अशी कामे करणारी माणसे मराठी मुलखातून निघायची, तर त्यांना हा विषय त्यांच्या भाषेत समजावून सांगणारे पुस्तक हवे.

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांसाठीही थोडे लिहिले आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला महापाषाणयुगीन लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अशा भट्टीचा मळ याच रीतीने घासून पाहिला, की भट्टी किती तापली होती आणि किती लोह वाया गेले याचा अंदाज येतो. कोळशाच्या सूक्ष्मदर्शनाला मात्र हात लावलेला नाही. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

या पुस्तकात काय करायचा प्रयत्न आहे? साधारण पन्नास खनिजे निवडली, आणि निवड करताना जगाच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा महाराष्ट्र, गोवा आणि सीमेलगतच्या जिल्ह्यांत जी हाती लागतात त्यांना झुकते माप दिले. त्यामुळे मँगनीजच्या खनिजांना मिळालेली जागा परदेशी पुस्तकांच्या तुलनेत जास्त वाटेल, सोने-चांदीला कमी. खनिजांची मांडणी वर्णानुक्रमे केलेली नाही, आढळतात त्या कळपांनी केली आहे. बेसाल्टचा कळप, गोंडाइटचा कळप, गंधकी खनिजांचा कळप. नाव शोधायला सूची आहे. परिभाषेचा अट्टहास केलेला नाही. प्रयोगशाळेत ज्याला स्टेज, ऑब्जेक्टिव्ह, ॲनालायझर म्हणतात त्याला इथेही तेच म्हटले आहे.

नमुना तयार करण्यावर मी बरीच पाने खर्च केली, याचे कारण सांगायला हवे. ओळखीत होणाऱ्या चुकांपैकी मोठा वाटा ओळखीचा नसतो, वाईट घासण्याचा असतो. तुकडा थंड रेझिनमध्ये बसवला, की कार्बोरंडम २२०, ४००, ६००, १००० अशा क्रमाने काचेवर घासायचा. मग कापडावर हिऱ्याची पेस्ट, ६ मायक्रॉन, ३, १, आणि शेवटी पाव. दर पायरीला नमुना, हात आणि नखेसुद्धा धुवायची. जाड भुकटीचा एक कण पुढच्या कापडावर गेला, की ते कापड बाद. घाई केली तर गॅलेनावर ओरखडे राहतात, स्फॅलेराइटच्या कडा गोल होतात, ठिसूळ दाण्यांचे टवके उडून खड्डे पडतात, आणि नवखा त्या खड्ड्यांनाच काळे खनिज समजून त्यांचे वर्णन लिहितो. गॅलेनावरचे त्रिकोणी खड्डे मात्र त्याच्या विदरणाची खूण, ते ओळखीच्या कामाचे. कोणता खड्डा आपण केला आणि कोणता दगडाचा, हे कळू लागले की निम्मे काम झाले.

साधनांच्या अभावाची सबब सर्रास पुढे केली जाते. परावर्तित प्रकाशाचा ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक महाग आहे, हे खरे. पण अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या धातुशास्त्र किंवा यंत्र शाखेत मेटलर्जिकल मायक्रोस्कोप आणि पॉलिशिंग मशीन असते, आणि ते दिवसातला बराच वेळ झाकलेले असते. शेजारच्या विभागाच्या प्रमुखांना एक पत्र लिहून ते मिळते. त्यावर ध्रुवक बसवण्याची सोय बहुधा असतेच, नसली तर कशी करावी ते परिशिष्टात दिले आहे. ज्या गावात असे महाविद्यालय नाही, तिथल्या वाचकाला पहिली दोन प्रकरणे साध्या भिंगाने आणि लोहचुंबकाने करता येतील. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरची, बेसाल्टच्या झिजेतून आलेली काळी वाळू त्यासाठी पुरेशी आहे. चुंबकाला चिकटणारे आणि न चिकटणारे काळे दाणे वेगळे करणे हाच पहिला पाठ आहे.

शिक्षकांना एक विनंती. परीक्षेला ‘खनिज ओळखा’ असा प्रश्न घालू नका. ‘या क्षेत्रात कोण आधी बनले आणि कशावरून’ असा घाला. विद्यार्थी नावात चुकला आणि नाते बरोबर सांगितले, तर गुण कापू नका. नाव त्याला पुढच्या आठवड्यात सापडेल.

आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे, की खाणीतून, रस्त्याच्या कामातून, किनाऱ्यावरून दगड आणाल, तेव्हा तो कुठून उचलला ते त्याच जागी, त्याच वेळी लिहून ठेवा. गाव, खाणीचा थर किंवा किनाऱ्याचा नेमका भाग, तारीख. महाविद्यालयांच्या कपाटांत घासून तयार केलेले उत्तम नमुने चिठ्ठी हरवल्यामुळे निकामी होऊन पडलेले आहेत. तिसरे प्रकरण सुरू करण्याआधी चिठ्ठीसह एक नमुना हाताशी ठेवा. त्यापुढचे पुस्तक नमुन्याशिवाय वाचण्यासारखे नाही.